परभणीचा चिनी तंबू आणि मायचं ताट

उरुसाच्या दिवसांत परभणीला स्टेशनाजवळच्या मैदानात चिनी जेवणाचा तंबू लागला आहे. अजून ज्यांचं तिकडं जाणं झालं नसेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिला सल्ला असा, की घरून भाकरी खाऊन जाऊ नका. दुसरा असा, की सोबत आपली माय नेऊ नका. पहिला सल्ला मी पाळला. दुसरा मला कुणी दिलाच नव्हता.

मी मानवतला शाळेत शिकवते. आमच्या शाळेतल्या एक बाई रविवारी तिथं जाऊन आल्या आणि सोमवारी मधल्या सुट्टीत तक्रार करत बसल्या. "हैदराबादचा मालक आहे, खराखुरा चिनी आचारी आहे, एकदा तिकीट काढलं की पोट फुटेस्तोवर खा म्हणतात. पण वाढायला कुणी नाही हो! भगोने मांडून ठेवलेत. आपणच ताट घ्यायचं, आपल्याच हातानं पळीनं घ्यायचं. कुणीही येतं आणि त्याच पळीला हात घालतं." त्यांना ज्याचा वैताग आला होता त्याचाच मला आनंद झाला. कुणीही येतं आणि त्याच पळीला हात घालतं! मी त्याच क्षणी ठरवलं, मायला तिथं न्यायचं.

माय म्हणजे माझी आई, सुभद्रा, राहणार चारठाणा. ती घराबाहेर जेवत नाही. उपासाचा प्रश्न नाही, कारण आम्ही बौद्ध झालो तेव्हा तिनं उपास-तापास देव्हाऱ्यासकट नदीत सोडले. पथ्य नाही, दुखणं नाही. पण लग्न असो, बारसं असो, जयंतीचं जेवण असो, तिचं एकच वाक्य ठरलेलं: "भूक न्हाई, मी खाऊन आले." वस्तीतल्या कोणत्याही कार्यात वाढायला मात्र ती सगळ्यांत पुढं. पदर खोचून दोनशे माणसं जेवू घालील. तिची वाढायची रीतही तिचीच आहे, पळी ताटाला टेकवल्याशिवाय ती उलटी करत नाही. वेळ लागतो म्हणून बायका तिला हसतात. सगळ्यांची जेवणं उरकली की ही बया घरी जाऊन चटणीभाकरी खाणार. माझ्या लग्नातही तिनं तेच केलं. लेकीच्या लग्नात आई जेवली नाही, आणि सात वर्षं झाली तरी मला ते टोचतं.

यामागचं कारण आपल्याला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. दीक्षा घेण्याआधी, मी अगदी लहान असताना, गावात मोठ्या घरी कार्य निघालं की आमच्या बायका पंगती उठेपर्यंत भिंतीकडेला थांबायच्या. मग उरलंसुरलं मिळायचं. भगोन्याला, पळीला आमचा हात लागायचा नाही. मला त्यातली आठवते ती बुंदी, कारण मी चार-पाच वर्षांची होते आणि बुंदी गोड होती. मायच्या मनात अजून त्या पळीची धास्ती आहे, आणि जिथं सगळ्यांचे हात एकाच पळीला लागतात तिथं तिला नेलं की ती मोडेल, असा माझा पक्का हिशेब. मास्तरणीचे हिशेब फळ्यावर नेहमी बरोबर येतात.

चारठाणा

शनिवारी अर्धी शाळा करून निघाले आणि दिवस मावळायच्या आत मायच्या दारात पोचले. बाहेरची माणसं चारठाण्याला आली की जुनी देवळं बघतात, खांबांवरून हात फिरवतात, फोटो काढतात. मला दिसली ती अंगणात पसरलेली तूर आणि तिच्याभोवती कोंबड्या हाकलत बसलेली माय.

"उद्या परभणीला जायचं," मी म्हटलं. "उरूस पाहू आणि तिथंच जेवू."

"उरूस बगू," माय म्हणाली. जेवणाचं तिनं जणू ऐकलंच नाही.

सकाळी उठून पाहते तर चार ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दस्तीत बांधून तयार.

"हे कशाला, माय? आपण जेवायला चाललोय ना?"

"तू जेव की. मी कुठं न्हाई म्हनायले? मला वाटंत लागंल."

आता या बाईशी वाद घालण्यापेक्षा बैलाला गणित शिकवणं सोपं. ती कुलूप शोधत होती तेवढ्यात मी ते गाठोडं उचललं आणि कणगीच्या मागं सारलं. शिक्षिकेनं असं करू नये हे मला मान्य आहे.

देवगाव फाटा

फाट्यावर सेलूची गाडी मिळायला दीड तास लागला. दोन गाड्या आल्या त्या उरुसाच्या माणसांनी भरून, थांबल्याही नाहीत. पत्र्याच्या हॉटेलात गरम भजी निघत होती आणि तो वास थेट आमच्या तोंडावर येत होता. मायनं पिशवी उघडली, आत हात घातला, पुन्हा घातला.

"गाठुडं कुठंय?"

"राहिलं वाटतं घरी."

"ऱ्हायलं का ठिवलं?"

मी गाडी यायच्या दिशेनं पाहत राहिले. मायनं पिशवीचं तोंड आवळलं आणि माझ्याकडं पाठ केली. भजी घेऊ का विचारलं तर म्हणाली, "भूक न्हाई." मग मीही रागानं खाल्ली नाहीत. पुढं सेलूहून रेल्वेत आम्ही दोघी समोरासमोर बसलो, आणि त्या सगळ्या खडखडाटात मला तिचं पोट वाजलेलं ऐकू आलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिनंही बाहेरच पाहिलं.

परभणी

तंबू मोठा आहे. बाहेर लाल कागदाचे कंदील टांगलेले, आणि दाराच्या पडद्यावर एक ड्रॅगन रंगवलेला आहे. तो इथल्याच पेंटरनं काढला असावा, कारण त्याचं तोंड पोळ्याच्या बैलाचं आहे. तिकीट काढून आत जायचं, तोंडाशीच चिनी मातीची ताटं रचलेली. एका लांब टेबलावर सहा भगोने, त्यापुढं रांग, आणि बसायला खुर्च्या.

चिनी आचारी पाहायलाच निम्मी गर्दी येते आणि निराश होते. तो माणूस हैदराबादेत जन्मला, त्याचा बापही तिथलाच, आणि बोलतो आपल्या मोंढ्यातल्या हमालांसारखं दखनी. एकानं त्याला विचारलं, चीनमध्ये तुमचं गाव कोणतं? तो कढई हलवत म्हणाला, "मेरेकू क्या मालूम मियाँ, मैं तो मनमाड के आगे गयाच नईं."

जेवणाचं म्हणाल तर पहिल्या भगोन्यात मक्याचं पातळ कढण, त्याला सूप म्हणतात. दुसऱ्यात कोबी-गाजर घालून परतलेला भात. मग तेलकट शेवया, त्या दोन प्रकारच्या, एक भाज्यांच्या आणि एक कोंबडीच्या. आंबटगोड रश्श्यात भाज्या. शेवटच्यात कोंबडीचे लाल तुकडे. सोबत शिरक्यात बुडवलेल्या हिरव्या मिरच्या, हे एकच आपल्या ओळखीचं. लोक काय काय करत होते! एकजण भातात दही कालवायला मागत होता. एक बाई शेवयांवर साखर शोधत होती. एका म्हाताऱ्यानं भाकरी नाही म्हटल्यावर तिकीट परत मागितलं.

मी मायला खुर्चीवर बसवलं आणि दोन ताटं उचलली. मालक, सफारी घातलेला जाडसर गृहस्थ, आडवा आला.

"बाई, एकच. जिसका पेट, उसकी प्लेट. कल एक टिकट पे पाच लोकां खाको गये."

"अहो, माझी आई म्हातारी आहे."

"अम्मा याँ तक चलको आये ना? फिर उठको लेना. ऐसाच है याँ."

मी दुसरं ताट ठेवलं आणि मायकडं आले. "चल माय, ऊठ. ताट घे आणि माझ्यापुढं उभी राहा."

"भूक न्हाई."

"सकाळपासून पाण्यावर आहेस! पोट वाजत होतं तुझं रेल्वेत."

"वाजू दे."

माझा तोल गेला. आजूबाजूला माणसं होती तरी मी आवाज चढवला. "अगं, इथं कुणी कुणाला वाढत नाही! त्याच पळीनं तो घेतो, त्याच पळीनं ती घेते. तूही घे. तुला कोण काय बोलणार आहे? एवढ्यासाठी तुला चारठाण्याहून आणलंय!"

माय माझ्याकडं पाहत राहिली. वर्गात एखादं ढ पोर सातव्यांदा चुकलं की मी पाहते तशी.

"पळीचं काय घिऊन बसलीस? पळीला कोन भेतंय?" ती म्हणाली. "ती रांग बग."

"बघितली. मग?"

"ताट हातात धरून हुबं ऱ्हायचं. पुढचं मानूस सरकलं की आपुन सरकायचं. भगोन्यात काय उरलंय ते वाकून बगायचं. हेच करत व्हते की मी, तुला काखंत घिऊन. वरून टाकायचे, अंगावर सांडायचं. दीक्षा घितली त्या दिशी मनाशी बोलले, आता ताट धरून कुनाच्या अन्नापुढं हुबी ऱ्हानार न्हाई. तुज्या लग्नात बाया म्हनल्या, तू शेवटी ऱ्हायलीस, ताट घिऊन ये चुलीपाशी, देतो. न्हाई गेले."

माझ्या हातात रिकामं ताट होतं आणि ते कुठं ठेवावं मला कळेना. इतकी वर्षं मी पळीवरच अडून बसले होते. जिथं हातात ताट घेऊन रांगेत उभं राहावंच लागतं अशी साऱ्या जिल्ह्यातली एकमेव जागा हुडकून मी तिला तिथं आणलं होतं, तेही भाकरी लपवून, उपाशी. मला माझी लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिचा राग आला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं का? तू ज्याला त्याला बुंदीचं सांगतीस. लय गोड व्हती म्हनतीस."

मी तिच्याशेजारी बसले. जेवायचं मन होईना, आणि उपाशी उठून जायलाही मन होईना. तेवढ्यात टेबलापाशी ओरडा झाला.

झालं असं, की कुणीतरी कोंबडीच्या शेवयांची पळी भाज्यांच्या शेवयांत घातली. टोपीवाले एक गृहस्थ ताट आपटून ओरडले, "बाटवलं सगळं! आता आमी काय खावं?" मालक हात जोडतो आहे, आचारी नवीन भगोनं आणतो म्हणतो आहे, आणि मागच्यांना वाटलं की जेवण संपत आलं. रांग मोडली. जो तो वाकून, हात लांबवून घ्यायला लागला. भात टेबलावर, शेवया खाली चपलांत.

माझ्या शेजारी मायनं 'चक्‌' केलं.

"अन्न सांडायलेत बग."

"सांडू दे. तू बस."

ती बसली नाही. उठली, पदर खोचला, गर्दीतून सरळ टेबलाच्या पलीकडं गेली. आचाऱ्यानं नुकतंच आणलेलं भाज्यांच्या शेवयांचं भगोनं तिनं आपल्यापुढं ओढलं, त्यातली स्वच्छ पळी हातात घेतली, आणि वस्तीच्या लग्नात लावते तो आवाज लावला.

"सरळ व्हा! येकायेकानं या! कोंबडीवाले तिकडं, बिनकोंबडीचे हिकडं! जेवन कुठं पळून जायलंय का?"

रांग झाली. मी पंधरा वर्षं शिट्टी फुंकून प्रार्थनेच्या रांगा लावते, मला अशी रांग कधी लावता आली नाही. मालक काही म्हणणार होता, पण आचारी म्हणाला, "हौ अम्मा, तुमीच संभालो," आणि आपल्या कढईकडं वळला. माय वाढू लागली. पळी ताटाला टेकवायची, मग उलटी करायची. टोपीवाल्यांनीही मुकाट्यानं ताट पुढं केलं.

मी तिला परत बोलवायला उठले, आणि रांगेत मला चारठाण्याच्या देशमुखीणबाई दिसल्या. ज्यांच्या भिंतीकडेला आमच्या बायका थांबायच्या, ते यांचं घर. सोबत कॉलेजात शिकणारी नात होती, तिच्याच हट्टानं आल्या असाव्यात. डोक्यावरचा पदर घट्ट धरून एका हातात ताट सांभाळत त्या नातीला म्हणत होत्या, "ही काय रीत म्हनावी, बाई? भीक मागितल्यावानी ताट धरून हुबं ऱ्हायचं. शोभतंय का आपल्याला?"

बोलता बोलता त्या भगोन्यापाशी आल्या. समोर माय.

"सुभद्रे? तू हितं?" त्या म्हणाल्या. "हितं कामाला लागलीस का?"

"न्हाई," माय म्हणाली. "जेवायला आलेय. ताट पुढं घ्या."

देशमुखीणबाईंचं ताट पुढं आलं नाही. मागंही गेलं नाही. मी चार हातांवर उभी होते आणि मला वाटलं, आता ती बाई ताट मागं घेईल, आणि माझ्या मायला हे मी इथं आणून पुन्हा दाखवलं असं होईल. मागून कुणीतरी ओरडलं, "चला की हो!" नात म्हणाली, "आजी, घे ना."

मायनं पळी भरली. वरून सोडली नाही. वाकली, हात लांब केला, पळी त्यांच्या ताटाला टेकवली. चिनी मातीवर बारीकसा आवाज झाला.

"नीट धरा," ती म्हणाली. "सांडंल."

त्यांनी धरलं.

"बास का आनखी?"

"बास," देशमुखीणबाई म्हणाल्या, अगदी हळू.

"घ्या आनखी. पाह्यजे तितकं खायाचं हाय हितं." आणि मायनं अजून एक पळी टेकवून वाढली.

त्या नातीबरोबर खुर्चीकडं गेल्या. तिथं त्या जेवल्या का, हे पाहायला मी मान वळवणार होते. पण मायनं पळी आचाऱ्याच्या हातात दिली, खोचलेला पदर सोडला आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

मी धावत जाऊन दोन ताटं उचलली. मालकानं तोंड उघडलं. आचारी तिकडून म्हणाला, "रैन दो साब." मालकानं तोंड मिटलं.

पुढचा पाऊण तास मी त्या सहा भगोन्यांपासून मायच्या खुर्चीपर्यंत फेऱ्या मारल्या. सूप आणलं. म्हणाली, "कढन पानचट हाय." भात आणला. "कच्चा ऱ्हायलाय. चावावा लागतोय." शेवया आणल्या, तर त्या बोटाला गुंडाळत म्हणाली, "बिनगुळाच्या शेवया कोन खातंय?" आणि खाल्ल्या. दोनदा मागितल्या. कोंबडीच्या तुकड्याला हळद लावली नाही म्हणून नावं ठेवली आणि हाड कोरडं केलं. शिरक्यातल्या मिरच्या तेवढ्या चांगल्या निघाल्या. प्रत्येक घासाला खोट काढत तिनं तीन ताटं संपवली, आणि मी वाढायला वाकले की सांगायची, "टेकव. वरून टाकू नको."

तिचं झालं तेव्हा मी माझं ताट घेऊन गेले. भगोने खरवडलेले होते. पाहिजे तितकं खाण्याच्या त्या तंबूत मला चमचाभर भात आणि तीन मिरच्या मिळाल्या.

पुन्हा मानवत

माय मुक्कामाला माझ्याकडंच आली. मानवत रोडला उतरून घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमचे हे पोरांना घेऊन शेजारी गेले होते. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आल्या आल्या मी परात घेतली, पीठ मळलं, तवा ठेवला. माय चुलीशेजारी पाय पसरून बसली आणि तिला ते गाठोडं आठवलं.

"कनगीमागं ठिवलंस ना? मला ठावं हाय. मुंग्या लागल्या असतील आता. चार भाकरी वाया घालवल्यास."

"चुकलं माझं," मी म्हटलं. दिवसभरात माझ्यात भांडायची ताकद उरली नव्हती. "तुझ्यासाठी किती टाकू? एक का दोन?"

"मला नको."

मी भाकरी तव्यावर टाकून तिच्याकडं वळले. आता पुन्हा 'भूक न्हाई' म्हणाली असती तर मी खरंच काहीतरी फेकून मारलं असतं.

"पोट भरलंय माजं," माय म्हणाली. मग थोडं थांबून, पायाची बोटं चोळत, "तुज्या लग्नाचं जेवले म्हन आज."

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, ती करपली. तीच मी खाल्ली.